पाटीपासून दूर ठेवणारे कौतुक

सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यातल्या शाळांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात येते, संस्थांच्या अहवालात येते, साहेबांच्या भाषणात येते. ‘आदिवासी मूल कृतीतून शिकते. त्याच्या हाताला काम द्या, नाच-गाणे द्या, मातीकाम द्या. व्याख्या, पाढे, उतारे हा त्याचा पिंड नाही.’ बोलणाऱ्याच्या मनात मुलांविषयी माया असते, हे मी जवळून पाहिले आहे. या मुलांना डोकेच नाही, अशी भाषा एके काळी उघडपणे केली जायची. त्या तुच्छतेला उत्तर म्हणून हे कौतुक जन्माला आले. त्यामुळे त्याच्याविरुद्ध लिहिताना संकोच वाटतो. तरी लिहायला हवे, कारण या कौतुकामुळे मूल वर्गात बसूनही अक्षराला पारखे होते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडतो.

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका, डांग आणि धरमपूरला लागून असलेला. शंभरातले नव्वदहून जास्त लोक अनुसूचित जमातींचे. त्यांत कोकणा मोठ्या संख्येने, शिवाय वारली आणि महादेव कोळी. इथले मूल शाळेत येण्याआधी गुरे वळायला शिकलेले असते. राब कसा भाजतात, भाताची आवणी कशी होते, खेकडा कोणत्या दगडाखाली सापडतो, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून सांगितलेले नसते. मोठ्यांच्या मागे फिरत, बघत, करत ते शिकते. तेच मूल पहिलीच्या वर्गात खाली मान घालून गप्प बसते. मग साहजिकच वाटते, की दोष मुलात नाही, शिकवण्याच्या रीतीत आहे. याला मानसशास्त्राचा आधारही दिला जातो. काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. ज्याची जी शैली, त्या शैलीत त्याला शिकवावे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची शैली ओळखण्याची प्रश्नावली १९९२ पासून जगभर फिरते आहे. हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ चा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांतही याच गाठोड्यात बांधला जातो. आणि शेवटी वारली मुलांपर्यंत शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव घेतले, की वाद मिटल्यासारखा होतो.

यातले ‘दोष मुलात नाही’ एवढे मला पूर्ण मान्य आहे. पुढचे मान्य नाही.

शैलीचा सिद्धांत खरा ठरायला कसला पुरावा लागेल, ते पाहू. हाताने शिकणारी आणि कानाने शिकणारी असे मुलांचे दोन गट करायचे. प्रत्येक गटातल्या अर्ध्या मुलांना हाताच्या रीतीने शिकवायचे, अर्ध्यांना कानाच्या. शेवटी सगळ्यांची एकच चाचणी घ्यायची. पहिल्या गटाला हाताच्या रीतीने जास्त आले आणि दुसऱ्याला कानाच्या रीतीने जास्त आले, तरच शैलीनुसार शिकवण्यात अर्थ आहे. एकाच रीतीने दोन्ही गटांना जास्त येत असेल, तर ती रीत चांगली एवढेच सिद्ध होते. पाश्लर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली या कसोटीवर तोपर्यंतचे संशोधन तपासले. कसोटीला उतरेल अशा पद्धतीने केलेले अभ्यास त्यांना जवळजवळ सापडलेच नाहीत, आणि जे थोडे नीट केलेले होते त्यांतल्या काहींचे निष्कर्ष सिद्धांताच्या थेट विरोधात जाणारे निघाले. गार्डनर यांनीही आपला सिद्धांत म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे पुढे स्पष्ट लिहिले. समजूत मात्र हटत नाही. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत ब्रिटनमधले ९३ टक्के आणि नेदरलँड्समधले ९६ टक्के शिक्षक शैलीचा सिद्धांत खरा मानत होते. तेव्हा ही चूक काही सुरगाण्याची नाही. तिथे फक्त तिची किंमत जास्त मोजावी लागते. शहरातल्या एखाद्या मुलाला ‘हाताने शिकणारा’ म्हटले, तरी घरी त्याच्यासाठी पुस्तके असतात. सुरगाण्यात हा शिक्का एका मुलावर न बसता अख्ख्या समाजावर बसतो.

मुलांना आवडीनिवडी असतात, हे खरेच आहे. पण आवडणे वेगळे आणि त्यातून जास्त येणे वेगळे. रीत ठरते ती विषयावरून. नकाशा पाहावाच लागतो, मग मूल कोणतेही असो. कविता ऐकावीच लागते. गाठ मारायला हातानेच शिकावे लागते.

आता मानसशास्त्र घडीभर बाजूला ठेवू. हा शिक्का खोटा आहे याचा सर्वांत मोठा पुरावा सुरगाण्यातच आहे, आणि तो रात्री ऐकायला मिळतो.

कोकणा समाजात थाळगानाची परंपरा आहे. काशाची थाळी घ्यायची. तिच्या मधोमध मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवायची. मग अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत ती काडी धरून वरून खाली हात सरकवत राहायचे. काडीचा कंप थाळीत उतरतो आणि घुमणारा एकसुरी नाद सुरू होतो. तो नाद तुटू न देता त्यावर कथा सांगायची. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा. देवांच्या, पूर्वजांच्या कथा. रामाचीही कोकणा समाजाची स्वतःची कथा. विधीच्या प्रसंगी ही कथा रात्रभर चालते. एकजण सांगतो, दुसरा हुंकार देत साथ करतो, आणि भोवती बसलेल्यांत घोंगडीत गुरफटलेली पोरेही असतात. समोर पोथी नसते, चित्र नसते. हाताचे काम म्हणाल, तर एका काडीवर चिमूट फिरवण्याएवढे. बाकी सगळा कारभार शब्दाचा, कानाचा आणि आठवणीचा.

ज्या समाजात सर्वांत जाणता माणूस म्हणून शब्दाच्या धन्याला मान मिळतो, त्या समाजाची मुले शब्दाला पारखी आहेत असे म्हणायला काय आधार आहे?

आणि त्या सांगणाऱ्याने एवढी कथा पाठ केली कशी? ती वाचून घोकलेली नाही. माणसांसमोर आठवून आठवून सांगितली, अडखळला तिथे जाणत्याने दुरुस्त केले, मग काही दिवसांनी, काही महिन्यांनी पुन्हा सांगितली. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडे फिरले. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले, वाचणाऱ्यांना ४२. थाळगानाच्या परंपरेने हे प्रयोगशाळेविना ओळखले होते. पाठांतराला सरसकट घोकंपट्टी म्हणून हिणवणाऱ्या आपल्या शिक्षणचर्चेने याकडे जरा लक्ष द्यावे. सुरगाण्याच्या मुलाला पाढे पाठ होत नाहीत असे कोणी म्हणाले, तर मी विचारीन की ते आठवून म्हणायची संधी त्याला किती वेळा मिळाली आणि किती दिवसांच्या अंतराने.

‘पण हे सगळे मूर्त झाले. अमूर्त विचाराची सवय या समाजांना नसते.’ हा पूर्वपक्षाचा पुढचा आणि जास्त विद्वत्तापूर्ण दावा. याच्या मुळाशी अलेक्झांडर लुरिया हे मोठे नाव आहे. १९३१ आणि १९३२ साली लुरिया उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना कोडी घालत होते. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या हे ठिकाण दूर उत्तरेला आहे. तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शेतकरी म्हणत, आम्ही तिथे गेलो नाही, न पाहिलेल्याबद्दल कसे सांगणार? जे थोडे शिकलेले होते, ते पटकन ‘पांढरी’ म्हणत. यावरून निरक्षर माणूस अनुभवापलीकडे विचार करत नाही, असा निष्कर्ष काढला गेला.

तो निष्कर्ष टिकला नाही. मायकल कोल आणि सिल्व्हिया स्क्रिब्नर यांनी लायबेरियात काम करून दाखवले, की हे उत्तर तर्काच्या अभावातून येत नाही. ज्याचे उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक आहे असा प्रश्न विचारणे, आणि दिलेल्या दोन वाक्यांच्या बाहेर पाहायचे नाही असे मानून चालणे, हा शाळेतला एक खेळ आहे. ज्याला त्याचे नियम माहीत नाहीत तो वेगळा खेळ खेळतो. त्या शेतकऱ्याचे म्हणणे खरे तर किती चोख होते! मी पाहिले नाही, म्हणून साक्ष देणार नाही.

मग मारिया डायस आणि पॉल हॅरिस यांनी १९८८ मध्ये लहान मुलांवर एक सुंदर प्रयोग केला. सगळी मांजरे भुंकतात, रेक्स हे मांजर आहे, रेक्स भुंकतो का? असे सरळ विचारले, तर चार ते सहा वर्षांची मुले म्हणतात, नाही, मांजर म्याव करते. तोच प्रश्न गोष्टीच्या सुरात सांगितला, दुसऱ्याच एखाद्या ग्रहावर आपण आहोत असे मानायला लावले, की त्याच वयाची मुले म्हणतात, हो, भुंकतो. पुढे २००५ मध्ये हॅरिस आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या शाळेत न गेलेल्या प्रौढांवर असाच प्रयोग केला आणि तिथेही गोष्टीच्या चौकटीने तर्काची वाट मोकळी केली. म्हणजे अमूर्त विचाराचे दार उघडायला गोष्ट पुरते. आणि गोष्टीच्या चौकटीत शिरायची सवय कोणाला जास्त असेल? रात्रभर थाळीसमोर बसलेल्या पोराला कणसरी हे काही डोळ्यांनी पाहिलेले माणूस नसते. तिच्यावर काय ओढवले आणि म्हणून पुढे काय झाले, हे ते पोर नुसत्या शब्दांवरून मनात जुळवत असते.

मोठ्या माणसांच्या अमूर्त विचाराचे म्हणाल, तर डोंगरउताराच्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी आणि पुढे काही वर्षे रान पडीक, हा जुना क्रम पाहा. चार-पाच वर्षांचा हिशेब डोक्यात, आणि त्यातली पुढची वर्षे अजून डोळ्यांना दिसलेलीही नाहीत.

इथे पूर्वपक्षाकडून बाजाराचा दाखला येतो. बोरगाव-हतगडच्या बाजूला, सापुताऱ्याच्या रस्त्यावर, हंगामात स्ट्रॉबेरी विकायला बसलेली पोरे गिऱ्हाइकाशी तोंडी हिशेब करतात, कागद लागत नाही. ‘जीवनानेच त्यांना गणित शिकवले आहे,’ असे म्हटले जाते. याला ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचा प्रसिद्ध अभ्यास जोडता येतो. नुनेस, कॅराहर आणि श्लीमन यांनी १९८५ मध्ये रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांची पाहणी केली. विक्री करताना त्यांची ९८ टक्के गणिते बरोबर आली. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर जेमतेम ३७ टक्के. त्यातला बारा वर्षांचा एक मुलगा ३५ क्रुझेरोला एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत सांगतो. तीन नारळांचे १०५, आणखी तीन धरले की २१०, असे जोडत तो ३५० पर्यंत पोचतो. पस्तीसपुढे शून्य द्यायचे त्याच्या मनात येत नाही.

हा अभ्यास मलाही फार प्रिय आहे. मुलाच्या डोक्यात गणित नाही, हा आरोप त्याने कायमचा खोडून काढला. पण तो अर्ध्यावर वाचला जातो. बाजारातले गणित मुलाला येते, म्हणून शाळेतले आपोआप येईल किंवा आले नाही तरी चालेल, असे त्यातून निघत नाही. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेलकी आणि सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीतल्या मुलांचा मोठा अभ्यास आला. बाजारात काम करणारी मुले अवघड तोंडी हिशेब सहज करत होती, पण पाठ्यपुस्तकी गणितात अडत होती. शाळेत शिकणारी, बाजाराची सवय नसलेली मुले कागदावर बरी होती, पण बाजारातल्या हिशेबात ढेपाळत होती. दोन्हीकडचे ज्ञान आपापल्या तीरावर राहिले होते. मधला पूल कोणीतरी हेतुपुरस्सर बांधावा लागतो, आणि शाळा असते ती त्यासाठीच. स्ट्रॉबेरी विकणाऱ्या पोरीला ‘तुला येतेच की’ म्हणून शाबासकी देऊन सोडून दिले, तर तिचे गणित तिथेच थांबते. तिने तोंडाने केलेला हिशेब तिच्याच समोर फळ्यावर मांडला, तीन डब्यांचे एवढे, आणखी तिनांचे एवढे, आणि मग त्या ओळींखाली गुणाकाराचे चिन्ह लिहून ‘हे तेच आहे’ असे दाखवले, तर ते पुढे जाते.

आता ताराबाई आणि अनुताई. त्यांचे नाव पूर्वपक्षाने घ्यावे, याचे मला सर्वांत जास्त दुःख होते. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू करून पुढे या दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी केले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, पाने, दगड हे साहित्य केले. पण ते सारे अक्षर-अंकाकडे जाण्यासाठी होते. त्यांनी ज्यांच्यापासून प्रेरणा घेतली त्या माँटेसोरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरे आठवा. मूल त्यावरून बोट फिरवते, कारण बोटाला कळलेला वळसा लिहिताना उतरावा. आदिवासी मूल असो की रोममधले, बोट सगळ्यांचेच फिरते. जेरोम ब्रुनर यांनी १९६० च्या दशकात हेच क्रमाने मांडले: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. कृती ही त्यातली पहिली पायरी आहे, आणि ती प्रत्येक मुलाची आहे. एका समाजाला पहिल्या पायरीवरच घर बांधून द्यायचे आणि दुसऱ्याला वर न्यायचे, हे कोसबाडच्या टेकडीवर कोणी केले नव्हते.

मग सुरगाण्याचे मूल वर्गात गप्प का बसते? माझे उत्तर साधे आहे, आणि ते शैलीपेक्षा कमी आकर्षक आहे. वर्गातली भाषा त्याची नसते. आणि वर्षातले कितीतरी दिवस ते शाळेतच नसते.

घरी मुलगा हा ‘पोसा’ असतो, बाप हा ‘बाहास’ असतो. कोकणा बोली मराठीला जवळची, म्हणूनच फसवी. शिक्षकाला वाटते, मुलाला कळते आहे. मुलाला निम्मे कळते, आणि निम्म्या कळण्यावर बोलायचे धाडस होत नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याच्या आदिवासी भागात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या वाचन-लेखनाचा काही वर्षे सलग पाठपुरावा केला. मुलांची घरची भाषा अभ्यासक्रमात आणि वर्गात फारशी कुठे दिसत नाही, आणि शिक्षकांच्या या मुलांकडून अपेक्षा कमी असतात, हे त्यांना आढळले. त्या कमी अपेक्षांना ‘कृतीतून शिकणारी मुले’ हे गोड नाव मिळाले, की त्या कमी आहेत हे शिक्षकाच्याही लक्षात येत नाही.

दोन भाषा हे ओझे आहे, असेही म्हणून चालणार नाही. ओडिशातल्या कोंध मुलांचा अजित मोहंती यांनी केलेला अभ्यास इथे निर्णायक वाटतो. एकच जमात, सारखीच गरिबी. काही भागांत कुई भाषा टिकून होती आणि मुले कुई व ओडिया दोन्ही बोलत. काही भागांत कुई गेली होती, मुले फक्त ओडिया बोलत. भाषेविषयीची जाण आणि बौद्धिक चाचण्या यांत दोन्ही भाषा बोलणारी मुले पुढे निघाली. घरची भाषा पुसली म्हणून शाळेची भाषा सुधारत नाही. घटनेच्या ३५०-अ कलमाने १९५६ पासून भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय द्यायला राज्यांना सांगितले आहे. हे कलम कोकणा मुलाला लागू आहे असे आपल्या किती शाळांच्या मनात येते?

गैरहजेरीची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. पावसाळी शेती उरकली, की सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. मुले सोबत जातात. परत येतात तेव्हा वर्ग पुढे सरकलेला असतो. मागे पडलेल्या मुलाला शैली नसते, त्याचा काही भाग राहून गेलेला असतो. मुलांचे गट करायचेच तर कोणाला काय येते यावरून करावेत. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांना नेमके त्यांच्या पायरीवर शिकवले, आणि बॅनर्जी, डफ्लो आदींनी २००७ मध्ये त्याचे मोजमाप मांडले. गुण खरोखर वाढले होते. तिथे कोणी मुलांच्या शैली विचारल्या नव्हत्या.

घरच्या भाषेला वर्गात जागा देण्यावर एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. शिक्षक बाहेरच्या तालुक्यातला, त्याला कोकणा बोली येत नाही, पुस्तक मराठीत, परीक्षा मराठीत. शिवाय पालकांनाच इंग्रजी हवे आहे. आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून मुलांना ‘नामांकित’ निवासी शाळांत घालायला पालक पुढे येतात, ते हाताच्या कामासाठी नव्हे, पुस्तकासाठी. पालकांची ही ओढ पूर्वपक्षाच्या विरोधातच साक्ष देते.

शिक्षकाच्या अडचणीला मात्र उत्तर गावातच आहे. पाड्यावर थाळीवर कथा सांगणारा म्हातारा आहे. त्याला एका दुपारी शाळेत बोलवावे. त्याने कणसरीची कथा सांगावी, मुलांनी ऐकावी. दुसऱ्या दिवशी मुलांनी ती आठवून सांगावी, त्यांच्याच बोलीत, आणि शिक्षकाने मुलांना विचारत विचारत ती देवनागरीत फळ्यावर उतरवावी. इथे शिक्षक चुकेल आणि मुले त्याला दुरुस्त करतील. मग शेजारी तेच वाक्य मराठीत. कोणता शब्द सारखा, कोणता वेगळा, शेवट कुठे बदलला, हे मुलांनी शोधावे. आठवड्याने पाटीवर तीच कथा न बघता लिहावी, आणि मुले द्राक्षाच्या हंगामाला जातील तेव्हा त्या कथेची वही त्यांच्या पिशवीत असावी.